विश्लेषण : माकडाच्या डोक्यावरची ईईजी टोपी मानसिक आजारांबद्दल काय सांगते?

कल्याण : घरातल्या तरुण मुलाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तो विनाकारण संशय घेऊ लागला, की नातेवाईक डॉक्टरांना अनेकदा विचारतात, ‘ईईजी काढून कळेल का?’ फिट येणाऱ्या रुग्णांमुळे कल्याण-डोंबिवलीकरांना ही तपासणी चांगलीच परिचयाची आहे. स्किझोफ्रेनियाबाबत मात्र या प्रश्नाचे उत्तर आजही ‘नाही’ असेच आहे. हे उत्तर बदलण्यासाठी जे संशोधन सुरू आहे, त्यात माकडांच्या मेंदूची कवटी न उघडता घेतलेली नोंद हा महत्त्वाचा टप्पा आहे.

ईईजीत नेमके काय मोजतात?

मेंदूतल्या लाखो पेशी एकाच वेळी काम करतात, तेव्हा त्यांचा विद्युत संकेत डोक्याच्या त्वचेपर्यंत झिरपतो. तो इतका क्षीण असतो, की मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावा लागतो. इंग्लंडमधील रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये ससे आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर असे प्रवाह नोंदवले. माणसाच्या डोक्यावरून पहिली नोंद जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. म्हणजे ईईजीचा जन्मच मानसोपचारतज्ज्ञाच्या हातून झाला. प्रत्यक्षात तिचा उपयोग झाला तो मुख्यतः फिटच्या आजारात.

मानसिक आजारात कोणता संकेत शोधतात?

कल्याणहून लोकलने रोज ये-जा करणाऱ्याला रुळांचा खडखडाट ऐकूही येत नाही. पण तो आवाज अचानक बदलला, तर मोबाइलमध्ये गुंतलेला प्रवासीही दचकून मान वर करतो. मेंदू नकळत पुढच्या आवाजाचा अंदाज बांधत असतो आणि अंदाज चुकला की साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत त्याची नोंद घेतो. ही नोंद ईईजीत दिसते. तिला ‘मिसमॅच निगेटिव्हिटी’ म्हणतात. फिनलंडचे रिस्टो नाटानेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये तिचे वर्णन केले.

प्रयोग सोपा आहे. ‘टिक टिक टिक’ असा एकसारखा आवाज ऐकवायचा आणि मध्येच वेगळा सूर सोडायचा. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये ही लाट सरासरीने लहान असते, हे १९९०च्या दशकापासून वारंवार दिसून आले आहे. यात रुग्णाला काही बोलावे लागत नाही, लक्षही द्यावे लागत नाही.

मग माकडे कशासाठी?

नवे औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवर तपासावे लागते. पण ‘तुला आवाज ऐकू येतात का?’ असे उंदराला विचारता येत नाही, माकडालाही नाही. त्यामुळे ज्याला तोंडी उत्तराची गरज नाही, असा संकेत हवा. त्यात निर्णय, नियोजन यांच्याशी संबंधित मेंदूचा पुढचा भाग उंदरापेक्षा माकडात माणसाच्या कितीतरी जवळचा असतो. म्हणून उंदरावर गुणकारी ठरलेले मानसिक आजारावरचे औषध माणसावर निरुपयोगी ठरण्याचा धोका मोठा असतो.

अमेरिकेतील साल्क संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये याबाबतचा महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. मकाक माकडांसाठी खास ईईजी टोपी बनवण्यात आली. आधी त्यांच्यात माणसासारखीच ‘अंदाज चुकल्याची’ लाट नोंदवली गेली. मग भूल येणार नाही इतक्या कमी मात्रेत केटामाइन दिले. हे औषध निरोगी माणसातही काही काळ स्किझोफ्रेनियासारखी लक्षणे निर्माण करते. माकडांमधील ती लाट रुग्णांप्रमाणेच लहान झाली.

कवटी न उघडण्याचा फायदा काय?

पूर्वी माकडांच्या मेंदूत शस्त्रक्रिया करून तारा बसवल्या जात. त्यातून मेंदूच्या एखाद्या भागाची अचूक माहिती मिळते. पण मानसिक आजाराच्या रुग्णाची कवटी केवळ तपासणीसाठी कोणी उघडत नाही. म्हणजे एका बाजूला मेंदूच्या आतली नोंद, दुसऱ्या बाजूला त्वचेवरची, आणि तुलना होणार कशी? दोघांच्या डोक्यावर एकाच प्रकारची टोपी आली, की मोजमाप एकच होते.

अडचणीही आहेत. माकडाचे डोके लहान, म्हणून इलेक्ट्रोड कमी बसतात. केस काढावे लागतात. जबड्याचे स्नायू डोक्यावरपर्यंत पसरलेले असल्याने चावण्याची साधी हालचालही नोंद बिघडवते. त्यामुळे आवाज शेकडो वेळा ऐकवून सरासरी काढावी लागते.

भारतात काय चालले आहे?

बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतिम रे यांच्या प्रयोगशाळेने बॉनेट मकाक माकडांवर काम केले आहे. माथेरानला पर्यटकांच्या हातातली पिशवी पळवणारी माकडे याच जातीची. मोठी चित्रे दाखवल्यावर मेंदूत दोन वेगवेगळ्या ‘गॅमा’ लहरी उठतात, हे या गटाने २०१८ मध्ये दाखवले. माकडांमध्ये मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून, तर माणसांमध्ये साध्या ईईजीतून. पुढे २०२१ मध्ये, स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील ज्येष्ठांमध्ये या लहरी क्षीण असल्याचे याच गटाने नोंदवले. माकडात ओळखलेला संकेत माणसाच्या डोक्यावरून तपासता येतो, याचे हे भारतीय उदाहरण.

माकडाला त्रास होत नाही का?

शस्त्रक्रिया टळते, ही मोठी गोष्ट आहे. पण ‘कवटी न उघडता’ म्हणजे ‘त्रासाविना’ नव्हे. पिंजरा असतो, खुर्चीत जखडून बसवणे असते, केटामाइनसारखे औषध असते. भारताने १९७८ मध्ये ऱ्हिसस माकडांची निर्यात थांबवली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नेमलेल्या समितीच्या परवानगीशिवाय माकडांवर प्रयोग करता येत नाहीत. दुसरीकडे, २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने ऱ्हिसस माकडेच वापरली होती. गरज खरी आहे आणि प्राण्याचे दुःखही खरे आहे. प्रत्येक प्रयोगाला ही दोन्ही बाजूंची तपासणी पार करावी लागते.

ईईजीवरून एका माणसाचे निदान होते का?

नाही. रुग्णांच्या गटाची सरासरी लाट लहान असते. पण अनेक रुग्णांची लाट निरोगी माणसाइतकीच असू शकते आणि काही निरोगी माणसांची लहान असू शकते. एका आलेखावरून मनाचा निकाल लावण्याची घाई महाराष्ट्राने पाहिली आहे. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्यात दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युत नोंदीवरील चाचणीचाही आधार घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये संमतीशिवाय अशा चाचण्या करण्यास मनाई केली.

रुग्णाच्या घरच्यांनी आज काय करावे?

स्किझोफ्रेनियाचे निदान आजही मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाशी व घरच्यांशी बोलून करतात. डॉक्टर ईईजी सांगतात ती बहुधा फिट किंवा मेंदूचा दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी. ‘ईईजी नॉर्मल आहे, म्हणजे काही झालेले नाही’ हा समज त्यामुळे धोक्याचा आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर राहतात. कल्याणकरांना ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय लोकलच्या अंतरावर आहे, तर ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन फोनवर. माकडावरच्या टोपीतून उद्या चांगले औषध येऊ शकेल. आज असलेले औषध वेळेत सुरू करण्यासाठी मात्र कोणत्याही आलेखाची वाट पाहावी लागत नाही.