चक्कर उन्हाची की फवाऱ्याची?



शेवगाव-पाथर्डीच्या कपाशीत, पारनेरच्या कांद्यात, राहात्याच्या पेरूबागेत आपली माणसे पाठीला पंप लावून रोजंदारीवर 'औषध' मारतात. संध्याकाळी डोके गरगरते, तोंडाला पाणी सुटते, धूसर दिसते. कोणी म्हणते ऊन लागले, कोणी म्हणते पिऊन आला. खरे कारण अनेकदा रक्तात असते.

आपल्या नसा स्नायूंना निरोप देतात तो ॲसिटिलकोलिन नावाच्या द्रव्यातून. निरोप पोहोचला की ते द्रव्य लगेच साफ करण्याचे काम कोलिनेस्टरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. ऑरगॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके या विकराला चिकटून त्याचे काम बंद पाडतात. कीड मरते ती यामुळेच, आणि माणसाच्या शरीरातही तेच घडते. निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, उलट्या होतात, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडकतो.

हे विष कातडीतूनही आत जाते. बिघडलेले विकर भरून यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून रोज थोडे थोडे अंगावर घेणाऱ्याला एखाद्या दिवशी नेहमीचेच काम जिवावर बेतते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यांत शेतमजूरही होते.

कीटकनाशक नियम १९७१ मधला ३७ वा नियम सांगतो, की अशा औषधांत काम करणाऱ्याच्या रक्तातील कोलिनेस्टरेज दरमहा तपासले पाहिजे. आपल्या वस्तीत अशी तपासणी झालेला एक तरी मजूर सापडतो का, विचारून पाहा.

भगिनींनो, फवारणीचे कपडे वेगळे धुवा, हात झाकून धुवा. औषधाचा रिकामा डबा पाण्याला वापरू नका. त्रास सुरू होताच कपडे उतरवून साबणाने अंग धुवा आणि डब्यासकट दवाखाना गाठा. डब्यावरचे नाव वाचून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो. बाहेरची बाधा समजून उतारा टाकण्यात वेळ दवडू नका.

तथागतांनी उपासकाला विषाचा व्यापार वर्ज्य सांगितला. आपण विष विकत नाही, पण मजुरीसाठी पाठीवर वाहतो. निदान हातमोजे आणि रक्ततपासणी मागू या. एकट्याने मागितले तर काम जाईल. दहाजणांनी मिळून मागा.