भिंतीवरची बाई आणि भिंतीसमोरची बाई

बायकांच्या सहलींना सध्या बरे दिवस आले आहेत. 'फक्त महिलांसाठी' अशा जाहिराती रविवारच्या पुरवण्यांत पानभर येतात. काश्मीर, केरळ, दुबई, आणि जिला परवडते तिला थेट स्पेन. बचत गट, भिशी मंडळे, महिला मंडळे यांच्या लहानमोठ्या सहली निघतात. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बाईला अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून जळगाव-धुळ्याच्या स्टँडवरही बायांचे घोळके दिसू लागले. पूर्वी घराबाहेर पडायला बाळंतपण, लग्न, मयत नाहीतर देव, यांपैकी एक कारण लागायचे. आता 'बघायला जाते' एवढे कारण काही घरांत तरी पुरते. ही लहान गोष्ट नव्हे. तिची टिंगल करणाऱ्यांच्या बाजूने मी हे लिहीत नाही.

माझे भांडण दुसरे आहे. बाई बघायला बाहेर पडली. पण तिला दाखवतो कोण? काय दाखवतो, आणि काय वगळतो? आयुष्यभर जिच्याकडे बघितले गेले, ती एक दिवस स्वतः बघायला निघते, आणि तिथेही तिच्यापुढे पुरुषाच्याच नजरेने रंगवलेली गोष्ट वाढली जाते. या गोष्टीला आपण उत्तर दिले पाहिजे असे मला वाटते.

गाईडची गोष्ट

एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या बायकांच्या गटांबरोबर काम करते आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही बत्तीस जणी अजिंठ्याला गेलो. कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या, दोन अंगणवाडी सेविका, पोटगीसाठी कोर्टात खेटे घालणाऱ्या तिघी. जळगावपासून लेणी साठ-एक किलोमीटरवर. १९८३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले. जगभरातले लोक जळगाव स्टेशनवर उतरून तिकडे जातात. आमच्या बत्तीस जणींपैकी अठ्ठावीस जणींनी लेणी पाहिलेली नव्हती.

आम्ही एक गाईड केला. माणूस सज्जन, आवाज खणखणीत. त्याने सांगितलेली गोष्ट अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकीने थोड्याफार फरकाने ऐकलेली असेल. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा साहेब वाघाच्या शिकारीला आला आणि त्याने लेणी 'शोधली'. (आसपासच्या गावांतल्या लोकांना ती दिसत नव्हती, असे समजायचे.) पहिल्या लेण्यात पद्मपाणी, टॉर्च तिरका धरला की चमकणारे मोती, मग शेजारची 'काळी राजकन्या'. सोळाव्यात 'मरणोन्मुख राजकन्या'. सतराव्यात आरसा घेऊन बसलेली सुंदरी. मग केशरचना किती प्रकारच्या, दागिने कोणते, कंबर कशी. "बघा ताई, तेव्हाच्या बायका किती नटायच्या!"

त्या एका माणसाला दोष देऊन उपयोग नाही. तो जे ऐकत आला तेच सांगतो. पण या सांगण्यात बाईला एकच जागा आहे : सुंदर दिसण्याची. जळगावच्या बायांना चित्रातली बाई म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. १९९४ साली इथले वासनाकांड उघडकीस आले. मुलींचे फोटो काढून, त्या फोटोंचा धाक घालून अत्याचार केल्याच्या तक्रारी पुढे आल्या. तरी चौकाचौकात चर्चा झाली ती 'मुली तिथे गेल्याच कशाला' याची. चित्र कोण काढतो, कुणासाठी काढतो, आणि चित्रातलीला काय भोगावे लागते, हे प्रश्न आमच्यासाठी पुस्तकातले नाहीत.

भिंतीवर काय आहे?

भिंत मात्र गाईडपेक्षा पुष्कळ जास्त सांगते. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक आहे. राजपुत्र विश्वंतर इतका दानशूर की त्याने राज्याचा हत्ती दिला, मग पोटची मुले दिली, शेवटी बायको माद्री मागणाऱ्याला देऊन टाकली. गाईड म्हणाला, "केवढा त्याग!" आमच्यातली एक मावशी पटकन म्हणाली, "तिले कोनी इचारं का?" हशा झाला, गाईडही हसला आणि पुढे गेला. पण प्रश्न तिथेच राहिला. दान द्यायच्या वस्तूंच्या यादीत हत्तीनंतर मुले आणि मुलांनंतर बायको येते, हे दीड हजार वर्षांपूर्वी रंगवलेले चित्र जिला बघताक्षणी कळले, तिला अडाणी म्हणायचे का?

सोळाव्या लेण्यातली ती 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणजे नंदाची बायको सुंदरी, असे अभ्यासक मानतात. नवरा तिला सोडून भिक्षू झाला. ती बातमी येते तो हा क्षण. गाईड याला प्रेमाची पराकाष्ठा म्हणतो. पोटगीची केस लढणाऱ्या आमच्या तिघी त्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या होत्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईची अवस्था त्यांना कुणी समजावून द्यावी लागली नाही.

सतराव्याच लेण्यात सिंहलाची कथा आहे. तिथे व्यापाऱ्यांना भुलवून खाणाऱ्या राक्षसिणी आहेत. म्हणजे एकाच लेण्यात बाई दानाची वस्तू आहे, शोभेची पुतळी आहे आणि माणसे खाणारी राक्षसीणही आहे. या तीन साच्यांतून आपण आजही सुटलेलो नाही.

इथे आमच्या गटातल्या बौद्ध मैत्रिणींनी हरकत घेतली, आणि ती योग्य होती. त्यांच्यासाठी अजिंठा हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. त्या वंदन करायला आल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की, धम्माला नावे ठेवण्याआधी हेही सांगा की महाप्रजापती गौतमीच्या आग्रहाने संघाचे दार बायकांना उघडले, आणि थेरीगाथा हा भिक्षुणींच्या स्वतःच्या शब्दांतला संग्रह पालीत आहे. यावर परतीच्या प्रवासात चांगले दोन तास वाद झाला. दार इतक्या उशिरा का उघडले, ही एक बाजू. उघडले तरी, इतरांनी कुठे उघडले, ही दुसरी. सहलीतून दुसरे काही निघाले नसते तरी तेवढ्या वादासाठी मी पुन्हा सहल काढीन.

पारो आणि हेरिंगहॅम

अजिंठ्याला गेलेल्याला पारोची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ साली चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला. गावातली पारो त्याची प्रेयसी. २३ मे १८५६ रोजी ती वारली, तिच्या थडग्यावर गिलने तिचे नाव कोरले. गिलच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो स्वतः १८७९ साली वारला, त्याचे थडगे आपल्या भुसावळला आहे. ना. धों. महानोरांनी या कथेवर दीर्घकविता लिहिली, २०१२ साली चित्रपट आला.

गिलचे लग्न झालेले होते, त्याला मुलेबाळे होती. तो फौजेतला गोरा अधिकारी, ती गावातली बाई. या नात्यात प्रेम किती आणि नाही म्हणता न येणे किती, हा प्रश्न गोष्ट रंगवताना कुणी विचारत नाही. साहेबाची चित्रे, साहेबाचे दुःख, साहेबाचे थडगे. पारोला गोष्टीत प्रेयसी होण्यापलीकडे कामच नाही.

आणि जी बाई खरोखर कुंचला घेऊन या लेण्यांत बसली, तिचे नाव गाईड घेत नाही. क्रिस्तियाना हेरिंगहॅम. १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे ती लेण्यांजवळ तंबूत राहिली आणि तिने चित्रांच्या नकला केल्या. नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासारखे तरुण चित्रकार तिच्याबरोबर काम करत होते. १९१५ साली त्या नकलांचे पुस्तक निघाले. ही तीच बाई, जी इंग्लंडमध्ये बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत होती आणि त्या मोर्चांची निशाणे तयार करण्यात जिचा हात होता. तीही राज्यकर्त्यांच्या देशातली, त्या राज्याच्या सोयी तिला मिळाल्याच. पण आपल्या चळवळीची एक पूर्वज अजिंठ्याच्या अंधारात दिवा धरून बसली होती, हे तिथे गेलेल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

माद्रिदलाही तेच

हे दारिद्र्य आपल्याकडचेच आहे असे कुणी समजू नये. माझ्या ओळखीच्या धुळ्याच्या एक निवृत्त शिक्षिका महिलांच्या सहलीबरोबर स्पेनला जाऊन आल्या. अल्हाम्ब्राचा राजवाडा, बार्सिलोनातले गौदीचे चर्च, माद्रिदचे प्रादो संग्रहालय, सगळे पाहिले. त्यांच्याकडून वर्णन ऐकताना मी एकच विचारत राहिले : बायकांनी काढलेले काय पाहिले? त्यांना एकही नाव आठवेना. गाईडने सांगितलेलेच नव्हते.

प्रादो उघडले १८१९ साली, म्हणजे ज्या वर्षी स्मिथ वाघाच्या मागे अजिंठ्यात शिरला त्याच वर्षी. ते उभे राहावे म्हणून खटपट करणारी राणी मारिया इसाबेल उद्‌घाटनाच्या आदल्या वर्षीच वारली. त्या संग्रहालयात एका स्त्री चित्रकाराचे स्वतंत्र प्रदर्शन पहिल्यांदा भरले २०१६ साली, क्लारा पीटर्स हिचे. मध्ये १९७ वर्षे गेली. सोफोनिस्बा आंग्विसोला या चित्रकर्तीने काढलेले राजा दुसरा फिलिप याचे चित्र प्रादोतच आहे. ते कित्येक वर्षे पुरुष चित्रकाराच्या नावावर खपले.

पिकासोचे 'गेर्निका' त्याच शहरात, दुसऱ्या संग्रहालयात आहे. १९३७ च्या बॉम्बहल्ल्यावरचे चित्र. मेलेले मूल घेऊन आक्रोश करणारी आई, हातात दिवा धरलेली बाई. युद्धाचे दुःख वाहणाऱ्या त्यात बायाच आहेत. ते चित्र तयार होत असताना टप्प्याटप्प्याचे फोटो डोरा मार हिने काढले. ती स्वतः नाव असलेली छायाचित्रकार आणि चित्रकार. बाईंच्या गाईडने तिची ओळख करून दिली 'पिकासोची मैत्रीण' अशी. अजिंठ्याची पारो आणि माद्रिदची डोरा, दोघींना एकाच चौकटीत बसवले. तिकिटाचा दर तेवढा वेगळा.

सहल ही चैन आहे का?

आपल्याच चळवळीतल्या काही जणी म्हणतात, रेशनचे प्रश्न, दारूचे प्रश्न, मारहाणीच्या केसेस पडल्या असताना सहली कसल्या काढता? मला हा आक्षेप मान्य नाही. ज्या बाईचा सगळा दिवस दुसऱ्यासाठी जातो तिने एक दिवस डोळे भरून बघणे, हीसुद्धा हक्काचीच बाब आहे. शिबिरात पितृसत्ता हा शब्द फळ्यावर लिहून जे समजवायला आम्हाला दोन दिवस लागतात, ते माद्रीच्या चित्रापुढे एका प्रश्नात निघाले. मात्र हे आपोआप होत नाही. सांगणारा बदलला नाही तर सहल म्हणजे फक्त डबा, फोटो आणि साडीखरेदी.

सांगण्यासारखे आपल्या आसपास भरपूर आहे. चाळीसगावजवळची पितळखोऱ्याची लेणी घ्या. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथे राजवैद्य मगिलाने दान दिले, आणि त्याच्या लेखाबरोबर त्याची मुलगी दत्ता हिच्या दानाचा वेगळा लेख आहे. मगिल स्वतःची ओळख आईच्या नावाने देतो : वच्छीचा मुलगा. धुळ्याहून नाशिकला गेले तर पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिने लेणे दान दिले. नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने दिलेली खोली आहे. शकाची लेक विष्णुदत्ता हिने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कारागिरांच्या श्रेणींकडे पैसे ठेव म्हणून ठेवले, व्याजातून खर्च भागावा म्हणून. हे बचत गटातल्या बाईला सांगून पाहा. तिला ते लगेच कळते, आणि पाठ ताठ होते. या बहुतेक राजघराण्यांतल्या, पैसेवाल्या बायका होत्या, हेही लपवायचे कारण नाही. दगड फोडणारीचे नाव दगडावर येत नाही, हाही त्याच भिंतीवरचा धडा आहे.

म्हणून गटांपुढे तीन सूचना ठेवते. एक, जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक गटाने दोन-तीन मैत्रिणींना लेण्यांची माहिती सांगायला तयार करावे. शिकलेलीच हवी असे नाही, बोलकी हवी. आणि तिने अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत सांगावे. दोन, सरकारमान्य गाईडांच्या प्रशिक्षणात स्त्रियांच्या लेखांचा, दानांचा, कलावंत स्त्रियांचा समावेश व्हावा आणि स्थानिक स्त्रियांना त्यात जागा मिळावी, अशी मागणी आपण पर्यटन खात्याकडे लेखी करावी. तीन, ज्या मैत्रिणी पैसे भरून केरळला, स्पेनला जातात त्यांनी कंपनीला निघण्याआधी विचारावे की तुमच्या कार्यक्रमात स्त्री कलावंतांचे काय दाखवणार. बाईच्या पैशावर सहल चालते, तर बाईचा इतिहास सांगण्याची जबाबदारीही घ्यायला लावू.

आणि जोवर हे होत नाही तोवर गाईडला मध्येच थांबवायची सवय लावून घेऊ. मावशीच्या त्या प्रश्नावर हसून पुढे जाऊ द्यायचे नाही. उत्तर मिळेपर्यंत बत्तीसच्या बत्तीस जणींनी तिथेच उभे राहायचे.