अख्खं शटर बदलायच्या आधी

आज पिकाचं नाही, शेडच्या शटरचं लिहितो. कापूस विकून शेड रिकामं झालं की एप्रिल-मेमध्ये हे काम निघतं. बियाणं-खताचे पैसे अजून हातात असतात, आणि नेमके तेच पैसे शटर खाऊन टाकतं. फॅब्रिकेटर येतो, शटर एकदा वर-खाली करून बघतो आणि सांगून मोकळा होतो, "बठ्ठं बदलनं पडी, आप्पा."

माझं म्हणणं एवढंच, की शटर अख्खं मरत नाही. त्याचा एखादा भाग मरतो. कोणता भाग मेला हे आपल्याला सांगता आलं, तर बोलणी तिथूनच बदलतात.

वर पाइप, पाइपावर स्प्रिंगा, दोन्ही टोकांना ब्रॅकेट, एकात एक अडकलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, दोन बाजूंची चॅनल आणि तळाची जाड बॉटम पट्टी. संपलं शटर. उचलायला जड लागतं म्हणजे स्प्रिंग सैल पडली किंवा तुटली. एकाच ठिकाणी अडकतं म्हणजे तिथलं चॅनल चेपलंय किंवा एखादी पट्टी बाजूला सरकलीय. तिरकं चढतं तर ब्रॅकेट किंवा एका बाजूची स्प्रिंग बघा. स्प्रिंगची परीक्षा सोपी आहे. शटर छातीएवढं उचला, हात जवळ ठेवूनच पकड ढिली करा. चांगलं शटर तिथंच थांबतं. खाली येत असेल तर स्प्रिंग थकली, आपोआप वर पळत असेल तर जास्त आवळलेली आहे. हे करताना खाली कोणी उभं नको, पोरं तर आसपासही नकोत.

स्प्रिंग थकणारच. अमेरिकेत घराच्या गॅरेजचं दार असतं, त्याच्या साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण 10,000 वेळा उघडझाप असं धरतात. दिवसाला चारदा उघडलं-लावलं तर सात वर्षंसुद्धा होत नाहीत. आपल्याकडे स्प्रिंगवर असला आकडा कोणी लिहून देत नाही, पण लोखंडाचा धर्म तोच. एक तुटली तर पाइपावरच्या सगळ्या एकदम बदलून घ्या. त्या एकाच वयाच्या असतात, आणि मजुरी एकीला तेवढीच, चारींना जवळपास तेवढीच. जळगाव किंवा धुळ्याहून माणूस गाडी घेऊन गावात येतो तेव्हा निम्मं बिल त्याच्या येण्याजाण्याचं आणि दिवसाचं असतं. म्हणून शेजारच्या दोन शेडांचं काम त्याच दिवशी काढा, खर्च वाटून जातो. स्प्रिंग मात्र घरी सोडायला जाऊ नका. पाइपावर तिचा जोर भरलेला असतो. नट ढिला केला की पान्हा हातातून फिरून तोंडावर येतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्या शेडात पोटॅशच्या गोण्या दारालगत रचलेल्या असतात. पांढरा पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. ओल धरतो आणि लोखंड खातो. वरच्या पट्ट्या धडधाकट आणि खालचं वीतभर शटर चाळणी झालेलं दिसलं, तर दोष बहुधा खताचा असतो. तिथं बॉटम पट्टी आणि खालच्या तीन-चार पट्ट्या बदलून भागतं. पट्ट्या एकात एक सरकवलेल्याच असतात, त्यामुळे खालच्या काढून नव्या ओवता येतात. गोण्या फळीवर आणि दारापासून दोन हात लांब ठेवा, नाहीतर नव्या पट्ट्याही तशाच जातील.

दुसरं दुखणं ट्रॅक्टरचं. स्प्रिंग सैल असली की शटर पूर्ण वर जात नाही, कोणी लक्ष देत नाही, आणि ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर बॉटम पट्टीला लागतो. पट्टी वाकली की चॅनलमध्ये घासते. मग जोर लावून ओढायचं, मग चॅनल वाकतं. सगळ्याचं मूळ एक सैल स्प्रिंग.

अख्खं शटर कधी बदलायचं? मधल्या बऱ्याच पट्ट्यांचे एकात अडकणारे वळ झिजून उघडे पडले असतील तेव्हा. पत्रा ठिकठिकाणी आरपार गेला असेल तेव्हा. किंवा शटर मुळातच मापापेक्षा हलकं बसवलं असेल तेव्हा. हे तिसरं कारण आपल्याकडे फार दिसतं.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशिलात याचे नियम आहेत. साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फुटांपर्यंतच्या रुंदीला पट्टीचा पत्रा किमान 0.90 मिलिमीटर, त्यावर 1.20 मिलिमीटर. बाजारभाषेत 20 गेज आणि 18 गेज. हाताने उचलायचं शटर बेअरिंगशिवाय 8 चौरस मीटरपर्यंत, बेअरिंग असेल तर 12 पर्यंत. त्यापुढे गिअर आणि साखळी. आपल्या ट्रॅक्टर शेडचं बारा बाय दहा फुटांचं दार घ्या. 120 चौरस फूट, म्हणजे सव्वाअकरा चौरस मीटरच्या आसपास. त्याला 18 गेज हवं आणि बेअरिंगही हवी. 20 गेज, बिनबेअरिंगचं शटर तिथं बसवलं तर ते दोन-तीन उन्हाळ्यांत रडणार. वर ते जड लागतं म्हणून मोटर बसवायचा सल्ला मिळतो. शेतातल्या विजेच्या भरवशावर शेडचं दार ठेवायचं? मला पटत नाही.

फरक किलोत बघा म्हणजे कळेल. 120 चौरस फुटांचा सपाट पत्रा 0.90 चा असेल तर साधारण 79 किलो, 1.20 चा असेल तर 105 किलो. पट्ट्यांच्या वळांमुळे प्रत्यक्षात दोन्ही वाढतात. म्हणजे गेज एक पायरी खाली आलं की तुमचं 26 किलोपेक्षा जास्त लोखंड गायब, आणि रंग मारल्यावर डोळ्याला काही कळत नाही. कापूस मोजताना आपण काट्यावर डोळा ठेवतो ना? शटरच्या पट्ट्या बसवायच्या आधी काट्यावर घ्या. मायक्रोमीटर मिळाला तर रंगाआधी पत्राही मोजा.

भाव चौरस फुटाला सांगतात, तिथं अजून एक गोम आहे. कोणते चौरस फूट? सरकारी मोजणीत उघड्या दाराची रुंदी आणि उंची धरतात. फॅब्रिकेटर बऱ्याचदा चॅनलमध्ये शिरणारी कड आणि पाइपावर गुंडाळणारा भागही धरतो. त्याचंही अगदी चूक नाही, तेवढा माल लागतोच. पण समजा भाव 250 रुपये सांगितला. 120 फुटांचे 30,000 होतात. तोच माणूस साडेबारा बाय साडेअकरा धरून मोजेल तर जवळपास 144 फूट आणि 36,000 च्या घरात. दोघांची कोटेशनं समोर ठेवून स्वस्त कोण हे ठरवण्याआधी मोजमाप एक करून घ्या. बेअरिंग, टॉप कव्हर, कुलपाच्या कड्या, वाहतूक, जीएसटी आत की बाहेर, हे कागदावर लिहून घ्या. आणि जुनं शटर कोणाचं, हेही. ते भंगारात किलोवर जातं. गाडीत टाकून नेलं आणि बिलात वजा नाही, असं माझ्याकडे आलेल्या एकाने केलं होतं. विचारल्यावर म्हणे, तशीच पद्धत आहे.

मेच्या शेवटी आणि जूनमध्ये वादळी वारं येतं. केळी आडवी होते ते आपण बघतो, शटरचं बघत नाही. ताशी 60 किलोमीटरचा वारा समोरून आला तर एवढ्या दारावर साधारण 190 किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला तर चौपट. रुंद शटर मधोमध फुगतं, पट्ट्यांची टोकं चॅनलमधून निसटतात आणि मग म्हणतात वाऱ्याने शटर गेलं. दाराच्या मध्ये काढता-घालता येणारा एक खांब करून घ्या, खाली खाचेत आणि वर कडीत बसणारा. गावातला वेल्डिंगवाला तो करून देईल. खर्च नव्या शटरच्या पासंगालाही पुरायचा नाही.

वेल्डिंगचं नाव निघालंच, तर ज्यासाठी खरं हे लिहायला घेतलं ते सांगतो. भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरात, शेडात ठेवतो. 2022 ला दहा हजारांच्या वरचा भाव पाहिल्यापासून तर फारच. अशा भरल्या शेडात शटर अडकलं की "दोन टाके मारून द्या" म्हणून वेल्डिंग चालतं, ग्राइंडर फिरतो. ठिणगी कापसात शिरली तर लगेच ज्वाळा दिसेलच असं नाही. आतल्या आत धुमसत राहते आणि रात्री पेटते. पीकविमा शेतातल्या पिकाचा असतो, शेडात आणून टाकलेल्या कापसाला तो लागू नाही. कापूस आत असेल तर वेल्डिंग नको म्हणजे नको. नटबोल्टवर भागवा, किंवा चॅनल खोलून बाहेर नेऊन जोडा. रुई-धूळ झाडून, पाण्याची टाकी जवळ ठेवून काम केलं तरी नंतर दोन-तीन तास कोणीतरी तिथं बसलेलं हवं.

चॅनलमध्ये जळकं ऑइल ओतायची सवयही सोडा. काळ्या मातीची धूळ आणि रुई त्यात बसून लगदा होतो, तो वाळून दगड होतो. कोरड्या फडक्याने पुसा आणि मेणबत्ती घासा.

नवं शेड बांधणाऱ्यांना एक विचारतो, शटरच कशाला? गावात, रस्त्यालगत जागा कमी असेल तर ठीक. मळ्यात दोन पल्ल्यांचं लोखंडी गेट करा. त्यात स्प्रिंग नाही, बिजागरी गेली तर गावातच नवी बसते. पल्ले बाहेर उघडतील असे ठेवा, आत उघडले तर ट्रॅक्टरची तेवढी जागा जाते.