दोन लिप्या, एक वही

दिवाळीआधी कपाट आवरताना एक सीडी सापडली. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : 'आईच्या ओव्या, २००६'. हातातला झाडू तसाच टाकून मी खाली बसले.

माझी आई उदगीरकडची. मी गुलबर्ग्याला एम. ए. करत होते तेव्हा (गावाचं नाव कलबुर्गी झालं ते पुढे २०१४ मध्ये) सुट्टीत घरी गेले की ती जात्यावरच्या ओव्या सांगायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. नंतर लग्न होऊन भालकी तालुक्यातल्या कन्नड घरात आले. सासूबाईंकडे 'बीसुकल्लिन पद', म्हणजे जात्यावरच्याच ओव्या, फक्त जातं कानडी. तीच वही उलटी धरून मागच्या बाजूने त्यांची पदं लिहायला घेतली. १९५६ मध्ये जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले, उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. आमची वही मात्र दोन्हीकडून भरत मध्ये येऊन भेटली.

आता ती वही नाही. माहेरच्या घराचं माळवद एका पावसाळ्यात गळलं, त्यात गेली. २०१९ मध्ये आईही गेली. उरली ती ही सीडी, आणि तेव्हा डीटीपीवाल्याकडून घेतलेल्या प्रिंटची एक झेरॉक्स, मावशीकडे उदगीरला.

आताच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. मुलाने मित्राकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. फाइल उघडली, आणि पडद्यावर आईच्या ओव्यांऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्केवारीची चिन्हं! मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं. कन्नड पदांचंही तेच, फक्त मांजर दुसरं.

वाचकहो, असं होण्याचं कारण साधं आहे. त्या काळी आपल्याकडे सगळी छपाई ज्या फॉन्टांवर चालायची, त्यात 'क'चा वेगळा असा नंबरच नव्हता. इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठीचे तुकडे बसवलेले असायचे. अर्धा 'श' एका खणात, रफार दुसऱ्यात, वेलांटी तिसऱ्यात. प्रत्येक कंपनीची खणं निराळी. तो फॉन्ट संगणकात असेल तर मराठी, नसेल तर मांजर. युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीला आणि कन्नडला स्वतःच्या जागा दिल्या होत्या, पण आपल्या गावच्या दुकानांत ते यायला फार वर्षं लागली. विंडोज एक्सपीवरसुद्धा भारतीय भाषा चालू करायला मूळ सीडी घालून एक खूण करावी लागे, आणि ती मूळ सीडी कोणाकडेच नसे!

मराठी भाग एका सहकाऱ्याने रूपांतर करून दिला. त्यात रफार भलतीकडे आणि वेलांट्या पुढच्या अक्षराला. कन्नड भागाचं रूपांतर जमलंच नाही. म्हटलं, मावशीकडची झेरॉक्स मागवू आणि स्वतःच टाइप करू.

आधी वर्डमध्ये बसले. चाळीसेक पानांचं काम. एका पानावर मराठी ओवी, समोर कन्नड पद, खाली शब्दांचे अर्थ. फॉन्ट एका ठिकाणी बदलावा तर दुसऱ्या ठिकाणी बिघडे, आणि ओवीची पहिली ओळ या पानावर, दुसरी त्या पानावर. पुण्यात शिकणारा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, तू लिक्स का नाही टाकत?" मला वाटलं खोकल्याचं औषध सांगतोय.

लिक्स हे लिहिण्याचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि मुक्त. माटियास एट्रिश नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १९९५ मध्ये ते लिनक्स-युनिक्सच्या जगात सुरू केलं. त्याच्या पोटात 'लाटेक' असतं आणि लाटेकच्या पोटात 'टेक'. टेकची गोष्ट आम्हा पुस्तकवाल्यांना आवडावी अशी आहे. डोनाल्ड क्नुथ हे अमेरिकेतले गणिती आणि संगणकतज्ज्ञ. १९७७ मध्ये त्यांच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, ती इतकी ओबडधोबड की ग्रंथ बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीचंच सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. थोड्या दिवसांचं वाटलेलं काम कित्येक वर्षं पुरलं. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक रचलं. त्यात लिहिताना मजकुरात आज्ञा पेराव्या लागतात. आमच्यासारख्यांना त्या आज्ञा दिसू नयेत, म्हणून लिक्स.

विंडोजवर ते बसवताना क्रम महत्त्वाचा. आधी लाटेकचा संच टाकायचा, मिकटेक किंवा टेक लाइव्ह. टेक लाइव्ह पूर्ण घेतलं तर कित्येक जीबी उतरवावं लागतं. आमच्याकडच्या नेटवर मी मिकटेक घेतलं, ते लागेल तसा एकेक भाग मागवून घेतं. मग लिक्स. क्रम उलटा झाला तर लिक्सला लाटेक सापडत नाही. तसं झालंच तर 'टूल्स'मध्ये जाऊन 'रीकॉन्फिगर' म्हणायचं आणि लिक्स बंद करून पुन्हा उघडायचं.

माझा क्रम बरोबर होता, तरी पीडीएफ काही निघेना. दोन संध्याकाळी गेल्या. ह्यांनी दुसऱ्या दिवशी चहा स्वतः करून घेतला, यावरून काय ते समजा. शेवटी भाच्याने विचारलं, "फाइल ठेवलीस कुठे?" लॅपटॉप घेतला तेव्हा हौसेने मी खात्याचं नाव मराठीत ठेवलं होतं आणि फोल्डरचं नाव 'आईच्या ओव्या', मध्ये जागा सोडून. युनिक्सच्या घराण्यातल्या जुन्या मंडळींना फाइलच्या वाटेत अशी नावं आणि मोकळ्या जागा रुचत नाहीत. सरळ सी ड्राइव्हवर इंग्रजीत एका शब्दाचं फोल्डर केलं, आणि पीडीएफ निघाली. मराठीसाठी चाललेल्या कामात मराठी नावच आडवं यावं!

पुढचा प्रश्न फॉन्टचा. 'डॉक्युमेंट'च्या 'सेटिंग्ज'मध्ये 'फॉन्ट्स' आहे, तिथे 'नॉन-टेक फॉन्ट्स'वर खूण केली की संगणकातले आपले नेहमीचे युनिकोड फॉन्ट वापरता येतात. पीडीएफ मग झीटेकवरून काढायची. मराठी सुरेख आलं, कन्नडच्या जागी नुसत्या रिकाम्या जागा. देवनागरी फॉन्टात कन्नड अक्षरं नसतात आणि झीटेक आपणहून दुसरा फॉन्ट शोधत बसत नाही. दोन्ही लिप्या एकाच फॉन्टात हव्या असतील तर विंडोजचा 'निर्मला यूआय' आहे. पण तो पडद्यावर वाचायला बरा, पुस्तकात सपाट दिसतो. म्हणून मराठीला आयआयटी मुंबईचा 'शोभिका' आणि कन्नडला 'नोटो सेरिफ कन्नड' घेतला आणि 'प्रीॲम्बल'मध्ये कन्नड फॉन्टची एक ओळ घातली. ती ओळ भाच्याने सांगितली, मी उतरवून घेतली. ओव्या घ्यायचे तशीच.

टाइप करताना दोन गोष्टी लक्षात आल्या. आपला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे. मराठीत 'क' जिथे, कन्नडमध्येही तिथेच; 'ळ'सुद्धा. बोटांना भाषा बदलल्याचं कळतच नाही. दुसरी गोष्ट 'वाऱ्या'ची. नेहमीचा 'र' मोडून 'य' जोडला तर 'वार्‍या'चा 'वार्या' होतो. त्यासाठी नुक्ता असलेला 'ऱ' हवा, तो शिफ्ट धरून 'र'च्याच कळीवर मिळतो. रूपांतर केलेल्या फाइलमध्ये असे कितीतरी वारे अडकून पडले होते.

लिक्सचा एक हट्ट सांगायलाच हवा. स्पेसबार दोनदा दाबला तरी जागा एकच सोडतं. एंटर दोनदा दाबला तरी रिकामी ओळ देत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं कीबोर्ड बिघडला. त्याचं म्हणणं असं की तू फक्त सांग, हे शीर्षक, ही कविता, ही टीप. जागा किती सोडायची ते मी बघतो. ओव्यांसाठी 'व्हर्स' निवडलं, ओळ तोडायला कंट्रोल धरून एंटर, आणि सगळी पानं एकसारखी झाली. रजेचा अर्ज किंवा लग्नाची यादी करायला एवढा खटाटोप कोणी करू नये. त्याला वर्डच बरं.

पहिली प्रिंट सासूबाईंच्या हातात दिली. चष्मा लावून, बोट फिरवत त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या पदाला हसू लागल्या. "यव्वा, शेतात डाळ पिकवलीस काय?" कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ए'चं 'बेळे' म्हणजे पीक आणि दीर्घ 'ए'चं म्हणजे डाळ. देवनागरीत दोन्ही 'बेळे'च. मनात मराठीतून वाचत मी कन्नडमध्ये टाइप केलं होतं. कन्नड पदं देवनागरीत लिहून मोकळं व्हावं, असं मधे ह्यांनी सुचवलं होतं. त्या दिवसापासून तो विषय निघाला नाही.

आईच्या भागात मात्र एक अडचण राहिली. झेरॉक्सचं सातवं पान बरोबर घडीवर फाटलेलं आहे आणि एका ओवीची दुसरी ओळ गेली आहे. रूपांतर केलेल्या फाइलमध्ये तीच ओळ अर्धी मोडलेली. मावशीला फोन केला. तिने लगेच म्हणून दाखवली, पण ती ओळ आईची नव्हे. आई भावाचं नाव घ्यायची, मावशी सासरच्या गावाचं घेते. मावशीची ओळ मी खाली टिपेत दिली. वर आईच्या ओळीची जागा मोकळी ठेवायची होती, पण लिक्स रिकामी ओळ ठेवू देत नाही. म्हणून तिथे टिंबं दिली आहेत.