आजीची शिवण

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला, सर्व संतांच्या दिवसाच्या पूर्वसंध्येस, हॅलोवीनचा सण असतो. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात. पोषाख बाजारात आयते मिळतात; तरी कित्येक आज्या ते घरीच शिवितात. हा केवळ हट्ट होय काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या रात्री भोपळ्याच्या कंदिलांत मेणबत्त्या जळतात, रस्त्यांवर मोटारी धावतात. आजी घेर आवरता ठेविते, म्हणजे तो ज्योतीवर जाणार नाही. किनार वर दुमडते, म्हणजे पाय अडखळणार नाही. काळ्या कापडावर चकाकती पट्टी लाविते, म्हणजे मूल दुरून दिसेल. दुकानचा पोषाख वयाच्या आकड्यावर बेतलेला असतो. आजीचा त्या एका मुलावर. मुलांनो, आपल्या आजीचा टाका वाकडा दिसल्यास हसू नका. तो घालणाऱ्या डोळ्यांनी तुमच्या वाटेवरचा धोका आधीच पाहिलेला असतो.