शोकग्रस्तांचे वाटाडे

जुन्नर तालुक्यातील खोडद या गावाचे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी गेले ते तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना या गावात व आसपासच्या मुलुखात उभ्या असून अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या अतिक्षीण लहरी त्या टिपत असतात. याच मुलुखातील शेतकऱ्याला रात्री पाणी धरावयास जाताना मात्र निराळीच चिंता असते. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी येथे पाणी आणले, पाण्याने ऊस आणला आणि उसाने बिबट्याला बारमाही आसरा दिला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जुन्नर वनविभागातील पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांच्या आत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. संतप्त लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला, पिंजरे लागले, नेमबाज आले. अशा मृत्यूनंतर वारसांना २५ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य मिळते आणि ते मिळावयासच हवे. परंतु तेरावा उरकल्यानंतर त्या घराची पायरी कोण चढते, हा प्रश्न कोणत्याही निवेदनात नसतो आणि कोणत्याही अहवालात येत नाही.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाचे एक साधे उत्तर काही ठिकाणी शोधण्यात आले आहे. जवळचे माणूस गमावलेल्या पाच-दहा जणांना ठरावीक दिवशी एकत्र बोलवावयाचे आणि प्रशिक्षित स्वयंसेवकाने त्यांना सोबत घेऊन रानावनांतून दोन-तीन तास चालावयाचे. समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते खांद्याला खांदा लावून चालताना सहज बोलता येते आणि बोलावयाचे नसेल तर गप्प राहणेही अवघड वाटत नाही, एवढेच त्यामागचे तत्त्व. किल्ल्याकिल्ल्यांवर दर रविवारी तरुणांच्या झुंडी जाणाऱ्या आपल्या प्रांतात ही कल्पना कोणी उचलली तर नवल वाटू नये. ती उचलली जावी असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र ती जशीच्या तशी उचलणे चुकीचे ठरेल.

शहरातील माणसासाठी डोंगर म्हणजे रोजच्या जगण्यापासूनची सुटका. निसर्ग मनाला उभारी देतो हे त्याच्या बाबतीत खरेही असेल. पण ज्या आईचे मूल घराशेजारच्या उसातून ओढून नेले गेले, तिला हिरव्या रानाची शांतता काय उभारी देणार? आंबेगाव तालुक्यातील माळीणवर ३० जुलै २०१४ च्या सकाळी कोसळला तो त्या गावाचा रोजचा डोंगरच होता. त्यात १५१ माणसे गेली. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री तेच घडले. तेथे शोध थांबविण्यात आला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ताच राहिले होते. त्यांच्या आप्तांना अग्नी देण्यासाठी देहही मिळाला नाही. अशा माणसांच्या दृष्टीने रान आणि डोंगर हीच मृत्यूची जागा आहे, आणि उद्याच्या भाकरीसाठी त्यांना परतावयाचे असते तेही त्याच जागी. म्हणून येथील वाटाड्याचे काम शोकाकुल माणसाला दूर कोठे तरी रम्य स्थळी नेण्याचे नाही. त्याच्याच बांधावर, त्याच्याच पाणवठ्यापर्यंत, पहिल्यांदा पाऊल टाकताना सोबत असण्याचे आहे. पहिल्या दिवशी अंगणाबाहेरच्या वळणापर्यंत जाणे झाले तरी तो दिवस वाया गेला असे समजू नये.

वेल्समधील ॲबरफॅन या खाणकामगारांच्या गावाची आठवण येथे करणे उचित होईल. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीतील टाकाऊ मातीचा ढिगारा डोंगरावरून घसरून तेथील शाळेवर आला. १४४ माणसे मेली, त्यांतली ११६ मुले होती. देणग्यांचा पूर आला, तज्ज्ञही आले. परंतु गावाने स्वतः जे उभे केले ते महत्त्वाचे आहे. तरुण मातांनी आपले एक मंडळ काढले आणि पुरुषांनी गाण्याचा वृंद स्थापन केला. वेल्समध्ये समूहगान हे घराघरांत मुरलेले, तेव्हा तेथील बापांना रडावयास जागा मिळाली ती गाण्यात. आपल्याकडे तशी मुरलेली गोष्ट चालणे ही आहे. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत ज्याने दोन दिवस काढले असतील त्याला हे सांगावयास नको. मुलगा गेलेला म्हातारा आणि कपाळ मोकळे झालेली बाई ओळीत निमूटपणे चालत असतात. त्यांना कोणी कारण विचारीत नाही, आणि मुक्कामावर त्यांच्या पुढ्यात भाकरी येते. वारी हा काही मानसोपचार नव्हे आणि तिला तसे म्हणणे वारकऱ्यांना रुचणारही नाही. पण सोबतीने चालण्याची शिस्त आपल्याला परक्यांकडून शिकावी लागणार नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

शिकावे लागेल ते दुसरेच. इर्शाळवाडीला वाहन जाण्याजोगा रस्ता नव्हता. भर पावसात, काळोखात आसपासचे गिरिभ्रमण करणारे तरुण पायवाटेने वर पोहोचले आणि त्यांनी इतरांना वाट दाखविली. असे धाडस करणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. शोकग्रस्ताबरोबर चालावयास मात्र धाडस उपयोगी पडत नाही. वाटाड्याचा पाय सर्वांत मागच्याच्या गतीने पडावयास हवा. 'देवाची इच्छा', 'आता मन घट्ट करा', 'अमक्याच्या घरी तर दोघे गेले' ही सांत्वनाला येणाऱ्यांची ठरलेली वाक्ये त्याला गिळता आली पाहिजेत. गेलेल्याचे नाव घेण्याची त्याला भीती वाटता कामा नये. खोडदच्या वेधशाळेच्या आवारात भ्रमणध्वनी बंद ठेवावा लागतो. या चालण्यालाही तोच नियम लावावा, छायाचित्रे तर मुळीच काढू नयेत. केरळात दुर्धर आजाऱ्यांच्या शुश्रूषेचे जे जाळे उभे राहिले, ते गावोगावच्या शिक्षक, विद्यार्थी, गृहिणींना थोडक्या दिवसांचे शिक्षण देऊन. २००८ मध्ये तेथील शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरणही आखले. जुन्नर-आंबेगावातील महाविद्यालये आणि राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांना हे अशक्य नाही. एकदा जाऊन परत न फिरकणाऱ्या पन्नास स्वयंसेवकांपेक्षा वर्षभर दर पंधरवड्याला येणारे दोघे बरे. शिबिरांची हौस असलेल्यांना ही अट जाचक वाटेल, पण ती सोडून चालणार नाही.

खरी अडचण स्त्रियांच्या बाबतीत येईल. नवरा गेलेल्या बाईने पुष्कळ दिवस उंबरा ओलांडू नये, ही रीत अनेक घरांत आजही पाळली जाते. शोकातून सावरण्यासाठी सून टेकडीवर चालावयास जाते, हे ऐकून किती सासरे गप्प बसतील? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांवर लादलेल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने तो कित्ता गिरविण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ठरावाने कुंकू पुसणे थांबेल, बांगड्या फोडणे थांबेल. तिच्यासाठी घराबाहेरची वाट आपोआप मोकळी होईल असे नाही. त्यासाठी वाटाड्याही बाईच हवी, ती गावातलीच हवी आणि तिने आधी सासूशी बोलावयास हवे. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती ही नावे सहज सुचतात. पण त्यांच्या डोक्यावर आधीच किती कामे लादली आहेत हे पाहता, मानधनाशिवाय आणखी एक काम त्यांच्या गळ्यात मारणे अन्यायाचे होईल.

चालण्याने सर्वच शोक हलका होतो, असा दावा कोणी करू नये. सहा महिने उलटूनही तीव्रता तसूभर न ओसरणाऱ्या आणि माणसाला रोजचे व्यवहारही करू न देणाऱ्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आता विकार म्हणून स्थान आहे. त्याला वैद्याची गरज असते. २०२२ पासून केंद्र सरकारची १४४१६ या क्रमांकावरील दूरध्वनी सेवा विनामूल्य उपलब्ध आहे. वाटाड्याला तो क्रमांक पाठ हवा आणि आपली मर्यादा कोठे संपते हेही कळावयास हवे.

आणखी एक व्यावहारिक बाब. जुन्नरकडच्या वाटा उन्ह वर आल्यावर धराव्यात आणि दिवस कलण्यापूर्वी परतावे. बिबट्याच्या मुलुखात याला पर्याय नाही. माळीणच्या बाजूला ३० जुलै ही तारीख दरवर्षी भर पावसात येते. त्या दिवशी कोणालाही डोंगरवाटेवर नेऊ नये. वाटाड्यानेच त्यांच्या घरी जावे, पाऊस थांबेपर्यंत त्यांच्यापाशी बसावे आणि दिलेला चहा घ्यावा.