जुन्या ट्रकला नवं इंजिन: गॅरेजमध्ये जमतं, मग कागदावर का अडतं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या फिटनेस तपासणीचं शुल्क वाढवलं. २० वर्षांहून जुन्या जड ट्रकसाठी आता २५,००० रुपये मोजावे लागतात. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेवरून सरकारला धारेवर धरलं होतं. त्यानंतर मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे तपासायला राज्याने सात जणांची समिती नेमली. त्याही आधी, ३० ऑक्टोबर २०२३ ला, वीस वर्षांची मुदत संपली म्हणून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईतून कायमची गेली. एकूण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळायला अवघड नाही.

आता समजा, भोईवाड्यातल्या एका मालकाकडे १९६० च्या दशकातला टाटा-मर्सिडीज ट्रक आहे. बॉडी दणकट, चासी सरळ, पण इंजिन थकलेलं. गल्लीतला मिस्त्री सांगतो, "शेठ, भंगारात कशाला घालता? नवीन इंजिन टाकू, वायरिंग सगळी नवीन करू, गाडी अजून वीस वर्षं पळेल." मिस्त्री खोटं बोलत नाहीये. हे काम खरंच होतं. पण त्यानंतर तो ट्रक रस्त्यावर कायदेशीरपणे चालवता येईल का? इथे गाडं अडतं. का अडतं, ते समजून घेऊ.

ही युक्ती नवी नाही

इंजिन बदलणं हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचं पी-६ हे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन १९३० च्या दशकाच्या शेवटी आलं. पेट्रोल ट्रकमधलं इंजिन काढून त्या जागी बसवायला ते फार लोकप्रिय झालं. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या डॉज आणि फार्गो ट्रकमध्येही पर्किन्सचं हेच इंजिन आलं. म्हणजे अमेरिकन नावाचा ट्रक, त्यात इंग्रजी डिझेल इंजिन, आणि जोडणी मुंबईत.

टाटांची गोष्टही तशीच. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. हा करार १९६९ पर्यंत चालला. त्यानंतर बॉनेटवरचा तारा गेला, पण इंजिनाचं घराणं बरीच वर्षं तेच राहिलं. १९९० च्या दशकात टाटा-कमिन्सचं ५.९ लिटरचं टर्बो इंजिन टाटांच्या ट्रकमध्ये आलं. जुन्या टाटाला "नवं" इंजिन टाकायचं म्हटलं की बरेच मिस्त्री आधी याच इंजिनाचं नाव घेतात. कारण साधं आहे. त्याचा डिझेल पंप यांत्रिक आहे, त्यात कॉम्प्युटर नाही.

इंजिन बसवताना काय काय बदलतं?

इंजिन उचललं आणि खाली सोडलं, इतकं हे सोपं नसतं. पहिला प्रश्न जोडणीचा. नव्या इंजिनाची मागची बाजू आणि जुन्या गिअर बॉक्सची बेल हाउसिंग एकमेकांवर बसत नाहीत. मध्ये लोखंडी अ‍ॅडाप्टर प्लेट करून घ्यावी लागते. ती मिलिमीटरच्या अंशानेही बाजूला सरकली, तर क्लच आणि गिअर बॉक्सचं बेअरिंग थोड्याच दिवसांत बोलायला लागतं.

दुसरा प्रश्न ताकदीचा. जुन्या टाटा-मर्सिडीजचं ओएम-३१२ इंजिन साधारण ४.६ लिटरचं, शंभरएक हॉर्सपॉवरचं, टर्बो नसलेलं. टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवर बरंच जास्त पिळ देतं. तो पिळ जुना गिअर बॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट आणि मागचा डिफरन्शियल या सगळ्यांनी सोसला पाहिजे.

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: वेग. जुनं इंजिन मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांपर्यंत जायचं. नवं इंजिन २,५०० ला थांबत असेल आणि डिफरन्शियल जुनाच ठेवला, तर सर्वात वरच्या गिअरमधला कमाल वेग एक षष्ठांशाने कमी होतो. जो ट्रक ६० ने जायचा तो ५० वर अडकतो. म्हणजे ताकद वाढली आणि गाडी हळू झाली! मग डिफरन्शियल बदला, नाहीतर गिअर बॉक्स.

चौथा प्रश्न ब्रेकचा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. पेट्रोल इंजिनात ओढ तयार होते, तिच्यावर ब्रेकचा बूस्टर चालू शकतो. डिझेल इंजिनात ती ओढ नसते, त्यामुळे वेगळा व्हॅक्युम पंप किंवा हवेच्या ब्रेकसाठी कॉम्प्रेसर लागतो. इंजिन २००० सालचं आणि ब्रेक १९६२ चे, अशी गाडी घाटात उतरवायची नसते.

वायरिंग हे निम्मं काम

जुन्या यांत्रिक डिझेल इंजिनाची एक गंमत आहे. एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज जवळपास संपते. बॅटरी काढून टाकली तरी ते चालत राहील. म्हणून जुन्या ट्रकची वायरिंग कितीही कुजकी असली तरी गाडी घरी पोचायची.

आजचं कॉमन-रेल इंजिन असं नाही. त्याचा मेंदू म्हणजे ईसीयू. क्रँकची जागा, डिझेलचा दाब, पायाखालच्या पेडलची स्थिती, पाण्याचं तापमान हे सगळं सेन्सरमधून वाचून तो प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल द्यायचं ते ठरवतो. व्होल्टेज पडलं किंवा अर्थ ढिली झाली की इंजिन बंद. त्यामुळे असं इंजिन घ्यायचं तर त्याची पूर्ण हार्नेस, ईसीयू, पेडल आणि चावीची सुरक्षा यंत्रणा एकाच गाडीतून, एकत्र आणावी लागते. भंगारातून नुसतं इंजिन आणलं तर हाती लोखंड येतं, इंजिन नाही.

व्होल्टेजचंही बघावं लागतं. आजच्या जड ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतं, अनेक जुन्या गाड्यांत १२. फरक कशाने पडतो? २४० वॅटच्या भाराला १२ व्होल्टवर २० अँपिअर करंट लागतो, २४ वर फक्त १०. करंट निम्मा झाला की वायर कमी तापते. पण व्होल्टेज बदललं की बल्ब, वायपरची मोटर, हॉर्न, मीटर सगळंच बदलावं लागतं.

आणि डायनामो. जुना डायनामो इंजिन आयडलला असताना जेमतेम चार्ज करतो. अल्टरनेटर आयडललाही करतो. मुंबईत हा फरक पुस्तकी नाही. लालबाग-परळहून गिरगाव चौपाटीकडे निघालेला विसर्जनाचा ट्रक कित्येक तास पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने सरकतो. रेडिएटरला समोरून वारा नाही, डायनामोला फेऱ्या नाहीत, वर दिव्यांचा भार, आणि भोवती हजारो माणसं. अशा ट्रकमध्ये फ्यूज नसलेली, कापडी आवरणाची जुनी वायर हा खरा धोका आहे. म्हणून इंजिनाचं ठरायचं तेव्हा ठरो, फ्यूज बॉक्स, रिले आणि नवी वायर आधी घाला.

कायद्याचे तीन रकाने

आता मूळ मुद्दा. आपल्या कायद्यात जुन्या गाडीसाठी तीन रकाने आहेत, आणि नवं इंजिन टाकलेला जुना ट्रक तिन्हींत नीट बसत नाही.

पहिला रकाना व्हिंटेजचा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण हे फक्त दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकींसाठी. शिवाय गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. मालवाहू ट्रक इथे पहिल्याच अटीला बाद होतो, आणि इंजिन बदललेला ट्रक दोनदा बाद होतो.

दुसरा रकाना रेट्रोफिट किटचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा कडक अर्थ लावला. यात एक सूट आहे: इंधन बदलायचं असेल, म्हणजे सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी, तर मान्यताप्राप्त किट बसवता येतं. इलेक्ट्रिक किटसाठी २०१६ पासून नियम आहेत आणि एआयएस-१२३ हे मानकही आहे. पण किटला मान्यता मिळते ती ठरावीक गाड्यांसाठी. साठ वर्षांपूर्वीच्या ट्रकसाठी, ज्याचे मोजकेच नग उरलेत, कुठली कंपनी चाचणीचा खर्च करेल?

तिसरा रकाना सरळ इंजिन बदलाचा. इंजिन खराब झालं म्हणून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं टाकता येतं, आरटीओला कळवून. किमान दहा व्यावसायिक गाड्यांच्या मालकाला तर राज्य सरकार यासाठी आधीच सरसकट परवानगी देऊ शकतं. एकच ट्रक असलेल्याला ही सोय नाही. आणि "त्याच प्रकारचं" म्हणजे जुन्या जागी जुनंच.

इथे विसंगती बघा. धूर ओकणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनाच्या जागी तसंच दुसरं धूर ओकणारं इंजिन टाकलं, तर कायदा रस्ता देतो. डिझेलवरून सीएनजीवर गेलात तरी निदान कागदावर वाट आहे. पण जुन्या डिझेलच्या जागी स्वच्छ डिझेल इंजिन टाकायचं म्हटलं की वाट बंद. शहराच्या हवेच्या दृष्टीने जो बदल फायद्याचा, त्यालाच रकाना नाही. आणि परवानगीविना असा बदल केला तर कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं, ते वेगळंच.

पण कायद्याची बाजूही ऐका

कडकपणा उगाच आलेला नाही. इंजिन नंबर बदलणं ही चोरीच्या गाड्यांची जुनी वाट आहे. चुकीच्या ठिकाणी वेल्डिंग केलेली चासी तडकते. ब्रेक न सुधारता ताकद वाढवली तर मरतो तो रस्त्यावरचा दुसराच माणूस.

प्रदूषणाचं गणितही मिस्त्री सांगतो तितकं सरळ नाही. बीएस-६ हा शिक्का नुसत्या इंजिनाच्या लोखंडावर नसतो. काजळी अडवणारा फिल्टर, युरियाची टाकी, सायलेन्सरमधले सेन्सर हे सगळं धरून ती मान्यता असते. गॅरेजमध्ये "युरियाची कटकट नको" म्हणून हे काढून टाकलं, की बीएस-६ इंजिन बीएस-६ राहत नाही. यांत्रिक पंपाचं कमिन्स बसवायला सोपं, पण तेही आजच्या मानकांच्या फार मागचं आहे. सोपं आणि स्वच्छ ही दोन्ही एका इंजिनात मिळत नाहीत.

चौथा रकाना शक्य आहे

जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या गाडीला 'एच' नंबर प्लेट मिळते. तिथेही गाडी मूळ रूपात हवी, पण त्या काळात प्रचलित असलेले बदल चालतात. मालकाने केलेला बदल तज्ज्ञ अभियंता त्या एकाच गाडीपुरता तपासून मंजूर करू शकतो. ब्रिटनमध्येही एकेका गाडीच्या मान्यतेची पद्धत आहे. दोन्हीकडे तत्त्व एकच: बदलाला सरसकट बंदी घालण्यापेक्षा बदललेली गाडी तपासा.

आपल्याकडे तपासणारे हात आहेत. पुण्याला एआरएआय आहे, स्वयंचलित तपासणी केंद्रं उभी राहताहेत. इंजिनाचा मूळ मालकी कागद, ब्रेकची चाचणी, चासीची तपासणी, प्रत्यक्ष धुराचं मोजमाप आणि वर्षाला मर्यादित किलोमीटर, अशा पाच अटींवर एका ट्रकला परवानगी देणं अशक्य नाही. महानगर प्रदेशातून जुन्या गाड्या कशा हटवायच्या याचा विचार करताना कुठल्या जुन्या गाड्या सुधारता येतील, हा प्रश्नही त्याच टेबलावर यायला हवा.

तोवर तुमच्याकडे असा ट्रक असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी ब्रेक, मग वायरिंग, मग आरटीओत लेखी अर्ज, आणि लेखी उत्तर हातात आल्यावरच इंजिन. तोंडी "होऊन जाईल" वर लाखांचं इंजिन विकत घेऊ नका. मूळ इंजिन काढलंच, तर विकू नका. तेल लावून, झाकून ठेवा. उद्या नियम बदलले आणि ट्रकलाही व्हिंटेजचा दरवाजा उघडला, तर आत जायला तेच इंजिन लागेल.